आडनाव कोणी ठेवले?

(भवानी पेठ, सोलापूर येथील प्रौढ साक्षरता वर्गात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



गेल्या सोमवारची गोष्ट. वर्ग सुटायची वेळ झाली होती. मागच्या रांगेत बसणाऱ्या एका मावशींनी पाटीवर आपले पूर्ण नाव लिहिले. आधी स्वतःचे, मग नवऱ्याचे, मग आडनाव. कोणी हात धरला नाही, कोणाचे पाहून लिहिले नाही. त्यांनी पाटी मला दाखविली. मी शाबासकी दिली. पण मावशी काही उठेनात. म्हणाल्या, "गुरुजी, माझं नाव आत्यानं ठेवलं. यांचं नाव यांच्या आत्यानं ठेवलं. मग हे आडनाव कोणी ठेवलं?"

मी अडतीस वर्षे मास्तरकी केली. हजारो मुलांची आडनावे या हाताने लिहिली. पण हा प्रश्न मला एकाही मुलाने विचारला नव्हता. म्हणून आज या प्रश्नावरच चार शब्द बोलणार आहे. मी काही पंडित नव्हे. जुन्या अकरावीचा मॅट्रिक झालेला साधा मास्तर आहे. पण आडनावाने मला एक मोठा धडा शिकविला. तो धडा शेवटी सांगेन. आधी आडनावाची हकिगत ऐका.

आडवाट म्हणजे काय? मोठ्या वाटेच्या बाजूची वाट. आडगाव म्हणजे हमरस्त्याच्या बाजूचे गाव. तसेच आडनाव. खऱ्या नावाच्या बाजूला ठेवलेले दुसरे नाव. म्हणजे पहिला मान आपल्या स्वतःच्या नावाचा. आडनाव मागून आले.

किती मागून? आपले ग्रामदैवत घ्या. सिद्धेश्वर महाराज बाराव्या शतकात होऊन गेले. त्यांनी तळे बांधले, लोकांना कामाला लावले. आज जानेवारीत त्यांच्या यात्रेला लाखो माणसे लोटतात. पण त्यांचे आडनाव काय, असे कोणी विचारीत नाही. ज्ञानोबांना आपण ज्ञानेश्वर म्हणतो, तुकोबांना तुकाराम म्हणतो. तुकोबांच्या घराण्याला आंबिले हे आडनाव होते. पण त्या नावाने त्यांना कोण ओळखते? गाव लहान होते. सगळे सगळ्यांना ओळखत. तेव्हा एका नावावर भागत असे.

आणि हे आपल्याकडेच होते असे नाही. तुर्कस्तान नावाचा देश आहे. तेथील बहुतेक लोकांना आडनावच नव्हते. 1934 साली तेथे कायदा झाला की, प्रत्येकाने आडनाव घेतलेच पाहिजे. उत्तरेकडे आइसलंड नावाचे बेट आहे. तेथे आजही बहुतेकांना आडनाव नाही. मुलगा असेल तर 'अमक्याचा मुलगा' आणि मुलगी असेल तर 'अमक्याची मुलगी' एवढेच नावापुढे लावतात. त्यांचे काही अडत नाही.

मग आपल्याकडे आडनावे आली कशी? त्यांच्या वाटा अनेक. मी चारच सांगतो.

पहिली वाट गावाची. तुळजापूरकर, पंढरपूरकर, बार्शीकर, अक्कलकोटकर ही आडनावे तुम्ही ऐकली असतील. आता एक गंमत पाहा. तुळजापुरात राहणाऱ्याला शेजारी तुळजापूरकर म्हणतील काय? नाही म्हणणार. तेथे सगळेच तुळजापूरचे. तो माणूस तुळजापूर सोडून सोलापुरात आला, पुण्याला गेला, की मग लोक म्हणतात, "अरे, तो तुळजापूरकर." म्हणजे गावाचे आडनाव मिळते ते गाव सोडल्यावर. त्या आडनावात एक प्रवास दडलेला असतो. कोणी तरी एके दिवशी गाठोडे बांधून निघालेला असतो.

दुसरी वाट कामाची. सोनार, सुतार, लोहार, शिंपी ही नावे कानावर पडताच हत्यारे डोळ्यांसमोर येतात. तांबोळी म्हणजे विड्याची पाने विकणारा. आतार म्हणजे अत्तर विकणारा. बागवान म्हणजे बागेचा माणूस. यांतील तांबोळी हे आडनाव हिंदूंत आहे आणि मुसलमानांतही आहे. देव वेगळा, पण पानाची टोपली एकच.

तिसरी वाट वतनाची, म्हणजे पदाची. गावचा कारभार पाहणारा तो पाटील. गावचे हिशेब लिहिणारा तो कुलकर्णी. परगण्याचा कारभार पाहणारा तो देशमुख आणि त्याचे दप्तर ठेवणारा तो देशपांडे. पेशवाईतील नाना फडणीस तुम्ही ऐकले असतील. त्यांच्या घराण्याचे आडनाव भानू. दप्तर आणि हिशेब सांभाळणारा तो फडणीस. पद एवढे मोठे झाले की, भानू मागे पडले आणि फडणीस पुढे आले. पुढे 1950 च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली. 1962 च्या कायद्याने गावची पाटीलकी गेली. वतन गेले, आडनाव मात्र राहिले. आज कुलकर्णी बँकेत असतील आणि पाटील एस.टी.चे कंडक्टर असतील.

चौथी वाट कुळाची. शिंदे, मोरे, पवार, चव्हाण, जाधव ही जुन्या कुळांची नावे. कोणी लढाईवर गेला, कोणी शेतीवर राहिला. कुळाचे नाव दोघांनीही जपले.

या चार वाटांशिवाय टोपणनावे आहेत, चिडवण्याची नावे आहेत, झाडाझुडपांची, पशुपक्ष्यांचीही आहेत. ती सगळी सांगत बसलो तर रात्र सरेल.

आता आपल्या भवानी पेठेकडे या. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांहून अधिक घरांत तेलुगू बोलतात. तुमच्या पणजोबांच्या वेळेला तेलंगणचा भाग निजामाच्या राज्यात होता. दुष्काळाने आणि पोटाच्या मागे तेथील विणकर सोलापुरास आले. येथे हातमाग होते. 1877 साली येथे जुनी गिरणी सुरू झाली. माग चालविणाऱ्या हाताला येथे काम होते. कोणी पायी आला, कोणी बैलगाडीने आला, कोणी आगगाडीने आला. बरोबर काय आणले? अंगातली विणकामाची कला, मार्कंडेयाची भक्ती आणि आपले 'इंटि पेरु'.

'इंटि पेरु' म्हणजे काय, हे तुम्हीच मला शिकविले पाहिजे. इल्लु म्हणजे घर. इंटि म्हणजे घराचे. पेरु म्हणजे नाव. घराचे नाव! किती साधा आणि गोड शब्द आहे. पण त्यात एक मेख आहे. तेलुगूत घराचे नाव आधी येते आणि माणसाचे नाव नंतर येते. आपले माजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन. पुष्कळांना वाटते, सर्वपल्ली हे त्यांचे नाव आणि राधाकृष्णन हे आडनाव. खरे ते उलट आहे. सर्वपल्ली हे गावावरून पडलेले घराचे नाव. माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांच्या नावातील पहिला 'पी' म्हणजे पामुलपर्ती. तेही घराचे नाव. हे गृहस्थ तेलंगणचे, पण आपल्या विदर्भातील रामटेकमधून 1984 आणि 1989 साली लोकसभेवर निवडून आले. त्यांना मराठी उत्तम येत असे. हरि नारायण आपटे यांची मराठी कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली.

मराठीत आडनाव शेवटी, तेलुगूत आरंभी. सोलापुरात आल्यावर तुमच्या वाडवडिलांनी मराठी रीत उचलली. घराचे नाव आरंभीचे उचलून शेवटी ठेवले. पण हे काही एका दिवसात झाले नाही. शाळेत नाव घालताना, गिरणीच्या हजेरीपटावर, शिधापत्रिकेवर पुष्कळ घोटाळे झाले. कोठे घराचे नाव माणसाचे नाव म्हणून लिहिले गेले. कोठे बापाचे नावच आडनाव होऊन बसले. सख्खे भाऊ, पण आडनावे दोन, असेही मी पाहिले आहे. दोघे दोन कारकुनांपुढे उभे राहिले, एवढाच त्यांचा दोष.

आता मी माझ्या धड्याकडे येतो. हे सांगताना मला बरे वाटत नाही, पण सांगितले पाहिजे.

1983 सालचा जून महिना. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा मास्तर होतो. शाळेत नवीन नावे घालण्याचे काम माझ्याकडे होते. बाहेर पाऊस, आत पालकांची गर्दी. एक विणकर बाप आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आला. धोतराला सुताचे तंतू चिकटलेले. मी विचारले, "आडनाव?" तो म्हणाला, "द्यावरकोंडा."

मला वाटले, हा अडाणी माणूस, याचा उच्चार अशुद्ध आहे. आपण शुद्ध लिहिले पाहिजे. आणि मराठी कानाला बरे वाटेल असे लिहिले पाहिजे. मी जनरल रजिस्टरमध्ये लिहिले, 'देवरकोंडे'. मला माझ्या शहाणपणाचे कौतुकही वाटले.

त्या बापाने वाकून रजिस्टरकडे पाहिले. त्याला वाचता येत नव्हते. तो म्हणाला, "बराबर लिवलं न्हवं गुर्जी?"

मी म्हणालो, "हो, अगदी बरोबर."

त्याने अंगठा उठविला, मुलाच्या डोक्यावरून हात फिरविला आणि गेला.

पुढे तीस वर्षे गेली. 2013 साली मी मुख्याध्यापक होतो. एके दुपारी एक माणूस दारात उभा राहिला. छत्तीस-सदतीस वर्षांचा, यंत्रमागावर काम करणारा. म्हणाला, "गुरुजी, मी तुमचाच विद्यार्थी." हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत कागद. त्याचा बाप आदल्या वर्षी वारला होता. बापाच्या नावावर दोन खोल्यांची जागा होती. तेथे मुलाचे नाव वारस म्हणून लावावयाचे होते. बापाच्या उताऱ्यावर आडनाव होते 'द्यावरकोंडा'. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर 'देवरकोंडे'. आणि त्या दाखल्यावरून पुढचे सगळे कागद झालेले. कचेरीत त्याला सांगितले होते, "हे दोन वेगळे माणसं दिसतात. तू याचा मुलगा कशावरून?"

तो मला म्हणाला, "गुरुजी, ज्याला मी खांदा दिला, त्याचा मी मुलगा नाही असं हा कागद म्हणतो."

मी कपाट उघडून 1983 चे रजिस्टर काढले. पान सापडले. अक्षर माझेच होते. चांगले वळणदार, टपोरे. शेजारी त्याच्या बापाचा निळा अंगठा.

त्या दिवशी मी त्याला विचारले, "आडनावाचा अर्थ काय रे?" तो म्हणाला, "आमचे आजोबा सांगायचे, आपण त्या गावचे." नंतर मी विचारपूस केली. देवरकोंडा हे तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्यातले मोठे गाव. तेथे डोंगरावर जुना किल्ला आहे. कोंडा म्हणजे डोंगर. देवर म्हणजे देवाचा. देवाचा डोंगर! आपल्या लोकांच्या बोलीत 'दे' चा 'द्या' होतो, म्हणून द्यावरकोंडा. म्हणजे त्या बापाचा उच्चार अशुद्ध नव्हता. ती त्याच्या गावाची बोली होती. तुळजापूरकर जसे तुळजापूर जपतो, तसे तो आपले गाव जिभेवर जपत होता. जे घर पिढ्यान्‌पिढ्या जपले, ते मी एका काना-मात्रेने मोडले. अडाणी तो नव्हता. त्या दिवशी अडाणी मी होतो.

त्याला मी लेखी दिले की, ही चूक शाळेची, म्हणजे माझी आहे. त्याने प्रतिज्ञापत्र केले. राजपत्रात नाव छापून आणले. कामाचे खाडे करून कचेऱ्या झिजविल्या. चौदा महिन्यांनी त्याचे नाव लागले. पेढे घेऊन आला. मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, मग आडनाव बदलूच नये काय?" तसे नाही. आडनाव दगडावरची रेघ नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. घराणे पुण्यास आले, फुलांचा धंदा करू लागले आणि फुले झाले. आज गोऱ्हे कोणास ठाऊक नाही, पण फुले म्हटले की मान लवते. बाबासाहेबांचे घराणे सकपाळांचे. मूळ गाव कोकणातील आंबडवे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव घातले. रजिस्टरमध्ये नाव आहे, 'भिवा रामजी आंबेडकर'. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. शाळेच्या रजिस्टरमधील एक ओळ केवढी मोठी होते, पाहा!

तेव्हा बदलास माझी हरकत नाही. तुमच्या इच्छेने बदला, कायद्याने बदला, समजून उमजून बदला. पण दुसऱ्याच्या लेखणीने, तुम्हाला न कळता ते बदलू नये. एवढेच माझे म्हणणे आहे.

आणखी एक गोष्ट सांगतो. आडनाव ऐकून माणसाची जात काढण्याची खोड आपल्याला आहे. नवा भाडेकरू आला की आधी आडनाव विचारतात, मग खोली रिकामी आहे की नाही ते सांगतात. ही खोड वाईट आहे आणि मूर्खपणाचीही आहे. पाटील मराठ्यांत आहेत, लिंगायतांत आहेत, जैनांत आहेत, मुसलमानांतही आहेत. चव्हाण, पवार आणि जाधव लमाणांच्या तांड्यावरही आहेत. आडनावावरून काय ओळखणार?

आपल्या शहरातील चार हुतात्म्यांचे पुतळे तुम्ही सर्वांनी पाहिले आहेत. आता तुम्हाला वाचता येऊ लागले आहे. पुढच्या वेळी तेथे गेलात की नावे वाचा. मल्लप्पा धनशेट्टी. शेट्टी म्हणजे व्यापारी. जुना शब्द श्रेष्ठी, त्याचेच शेट्टी झाले, शेठही झाले. श्रीकिसन सारडा. हे आडनाव राजस्थानाकडून आलेल्या माहेश्वरी समाजातले. जगन्नाथ शिंदे. हे मराठी कुळाचे नाव. आणि चौथे कुर्बान हुसेन. त्यात आपण म्हणतो तसले आडनावच नाही. चार नावे चार दिशांची. 12 जानेवारी 1931 रोजी चौघांना येरवड्याच्या तुरुंगात एकाच दिवशी फाशी दिले. सोलापूरने त्या चौघांना एका ओळीत उभे केले, ते योग्यच केले.

आता बायकांविषयी. पुरुषाला एक आडनाव सांभाळायचे असते, बाईला दोन. लग्नाआधीचे माहेरचे, लग्नानंतरचे सासरचे. पुष्कळ घरांत तर लग्नात मुलीचे नावही बदलतात. मग शाळेचा दाखला एका नावाचा, शिधापत्रिका दुसऱ्या नावाची, विडी कामगाराचे ओळखपत्र तिसऱ्याच नावाचे. फंडाचे पैसे काढताना नाही तर घरकुलाचा अर्ज भरताना ही तीन नावे एकमेकींना ओळख देत नाहीत. भगिनींनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. लग्नानंतर नवऱ्याचे आडनाव लावलेच पाहिजे, असा कायदा आपल्या देशात नाही. लावायचे तर खुशाल लावा. नसेल लावायचे तर नका लावू. पण जे लावाल ते सगळ्या कागदांवर एकसारखे असू द्या. मुलाच्या नावापुढे आईचेही नाव लिहावे, असे महाराष्ट्र सरकारने 2024 साली ठरविले आहे. घराच्या नावात आईला जागा मिळाली. उशिरा का होईना, पण मिळाली.

आता आज घरी गेल्यावर तीन कामे करा.

पहिले काम. घरातील सगळे कागद बाहेर काढा. आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक, मुलांचे दाखले, जागेचा उतारा. प्रत्येकावरचे आडनाव बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवून वाचा. काना, मात्रा, वेलांटी पाहा. फरक दिसला तर वहीत लिहून ठेवा. आपण वर्गात बसून तो दुरुस्त करण्याचा अर्ज लिहू. मूल शाळेत आहे तोवर दाखल्यातील चूक लवकर सुधारते. शाळा सोडल्यावर फार जड जाते.

दुसरे काम. घरातील सर्वांत वडील माणसाला विचारा, "आपले आडनाव कोठून आले?" आजी असेल, आजोबा असतील, थोरला दीर असेल. ते सांगतील ते लिहून ठेवा. वाकडेतिकडे लिहिले तरी चालेल. ती माणसे गेली की ही माहिती कोणत्याच कचेरीत मिळणार नाही.

तिसरे काम. यापुढे कोणी तुमचे नाव लिहीत असेल तर मुकाट्याने उभे राहू नका. म्हणा, "साहेब, जरा कागद इकडे करा. मला वाचू द्या." लाजू नका. लिहिणारा कितीही शिकलेला असो, चूक त्याच्याही हातून होते. मी मॅट्रिक झालो होतो, तरी माझ्या हातून झाली.

तो विणकर बाप मला अजून आठवतो. त्याने विचारले होते, "बराबर लिवलं न्हवं गुर्जी?" त्याला वाचता येत असते तर त्याने विचारलेच नसते. तो म्हणाला असता, "गुर्जी, हे चुकलं." आणि मीही तेथेच खोडून नीट लिहिले असते. चौदा महिन्यांचे काम एका मिनिटात झाले असते. तुम्ही दिवसभर विड्या वळून, माग चालवून, रात्री या वर्गात येऊन बसता ते कशासाठी, असे कोणी विचारले तर त्याला ही गोष्ट सांगा.

मावशी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. आडनाव कोणा एकाने ठेवले नाही. काही गावाने ठेवले, काही कामाने ठेवले, काही कारकुनाने आणि काही माझ्यासारख्या मास्तराने ठेवले. पण परवा पाटीवर ते तुम्ही स्वतः लिहिलेत. आता ते खरे तुमचे झाले.

पाटी पुसू नका. घरी नातवंडांना दाखवा.